तळ्याचा मालक कोण? महाड, मोरबी आणि धरणाखालची वस्ती

महाडच्या लढ्याची कोर्टातली बाजू आपल्या भाषणांत फारशी येत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सवर्णांनी दावा लावला आणि तो १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. वादाचा गाभा एवढाच होता की तळे कोणाचे? फिर्यादी म्हणत होते, तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी इथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. कोर्टाला ती वहिवाट सिद्ध झालेली दिसली नाही. तळे नगरपालिकेचे ठरले, म्हणून पाणी सर्वांचे ठरले.

मालकी सार्वजनिक ठरली की हक्क येतो, हे आपण महाडला शिकलो. त्याच मालकीतून येणारी जबाबदारी मात्र आपण कधी मागितली नाही. आज लहान शहरांचे पाणी बहुधा वरच्या अंगाला बांधलेल्या धरणातून येते. धरणाखाली नदीकाठाला कोण राहते हे समाजशास्त्राची पदवी नसलेल्यालाही सांगता येईल. चांगली उंच जमीन ज्यांना कधी मिळालीच नाही ते राहतात. नळाला पाणी शेवटी त्यांच्याकडे येते आणि पूर सर्वांत आधी.

गुजरातमधल्या मोरबीचे उदाहरण घ्या. गावाच्या वर काही किलोमीटरवर मच्छू नदीवरचे दुसरे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध दगडी सांडवा, त्याला १८ दरवाजे आणि दोन्ही बाजूंना मातीचा लांबलचक बांध. मातीच्या धरणाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तरी ती काही काळ तग धरू शकते, पण मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की ते बांधच कापत नेते. म्हणून अशा धरणाचा जीव सांडव्यात असतो. किती मोठा पूर येईल हा अंदाज चुकला, तर पुढचे सगळे चुकते.

मच्छूचा अंदाज चुकलेला होता. सांडवा सुमारे दोन लाख क्युसेकसाठी बांधला होता. ११ ऑगस्ट १९७९ ला आलेला पूर त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. काही दरवाजे उघडलेच नाहीत. टेलिफोनच्या तारा बंद पडल्या, धरणावरचे कर्मचारी तिथेच अडकले आणि खाली मोरबीला कोणी काही सांगू शकले नाही. दुपारी मातीचे बांध वाहून गेले. दगडी सांडवा मात्र उभाच राहिला!

किती माणसे मेली? सरकारी आकडा दोन हजारांच्या आतला, लोकांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट. दोहोंतले अंतर गणिताच्या चुकीने पडत नाही. ज्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही, जो हंगामी मजूर म्हणून आला होता, ज्याचे अख्खे घरच गेले, त्याची नोंद करायला येणार कोण?

यापेक्षा मला चौकशीची कथा जास्त महत्त्वाची वाटते. न्यायमूर्ती बी. के. मेहता यांचा आयोग नेमला गेला. जबाब सुरू झाले, अंदाजाचे कागद बाहेर येऊ लागले. सरकार बदलले आणि १९८१ मध्ये आयोगच गुंडाळला. जबाबदारी कोणावरच निश्चित झाली नाही. धरण मात्र पुन्हा बांधले, सांडवा कितीतरी मोठा करून. म्हणजे चूक काय होती हे अभियंत्यांना कळले होते. ते लिहून ठेवायचे नव्हते, इतकेच. आज तेच धरण मोरबीची तहान भागवते.

महाराष्ट्राने यातून काही शिकायला हवे होते, कारण १२ जुलै १९६१ चे पानशेत आपल्याच घरचे. तरीही २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! मग ठाण्यात विरोधक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हसू आले, पण गावकऱ्यांचा तक्रार अर्ज कोणत्या टेबलावर पडून होता हा प्रश्न त्या हसण्यात बुडाला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना सिंचन आणि वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला, तोच पुढे केंद्रीय जल आयोग झाला. तज्ज्ञांची केंद्रीय यंत्रणा १९४५ ला उभी राहिली. धरण सुरक्षेचा कायदा यायला २०२१ उजाडले. मध्ये ७६ वर्षे, पानशेत, मोरबी आणि तिवरे.

हा कायदा वाचा. धरणाच्या 'मालका'त स्थानिक स्वराज्य संस्थाही येते, म्हणजे नगरपरिषदेचे धरण असेल तर ती मालक. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी सक्तीची आहे. जुन्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे ३० डिसेंबर २०२१ पासून, पाच वर्षांत करायचा आहे. पण मेख इथे आहे. कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरच्या धरणांना ठरावीक अटींत बसली तरच. १० मीटरखालचे गावतळे, पाझर तलाव, नगरपरिषदेचा जुना बांध हे सगळे बाहेर. खाली वस्ती किती आहे हे न पाहता उंचीची पट्टी लावली आहे.

त्यामुळे माहितीच्या अधिकारात पहिला प्रश्न उंचीचा विचारा. धरण कायद्यात बसत असेल तर शेवटच्या दोन तपासण्यांचे अहवाल आणि आराखड्याची प्रत मागा. त्या आराखड्यात आपल्या वस्तीचे नाव आहे का आणि रात्री इशारा कोण, कशाने देणार, हे पाहा. बसत नसेल तर हेच प्रश्न नगरपरिषदेच्या सभेत ठरावाने मांडा, मे महिन्याच्या आत.