चोरांसाठी शिंपडलं, केवड्याला लागू पडलं



मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी आपण बागेवर मारतो. त्याला बोर्डो मिश्रण का म्हणतात, ठाऊक आहे? बोर्डो हे फ्रान्समधलं द्राक्षांच्या मुलखाचं शहर. तिथल्या बागायतदारांवर जे गुदरलं, ते आपल्यालाही कामाला येण्यासारखं आहे.

१८६० नंतर फ्रान्सच्या बागांत फायलोक्झेरा नावाची बारीक कीड शिरली. ती मुळांवर जगते. उभ्या बागा वाळून गेल्या. ही कीड अमेरिकेतून आलेली; पण अमेरिकेतल्या रानवेलींची मुळं तिला दाद देत नाहीत. म्हणून तिकडच्या वेली आणून त्यांच्या खुंटावर आपल्या जातीचं कलम करायचं, असा तोड निघाला. बागा वाचल्या. मात्र त्या वेलींबरोबर केवडा, म्हणजे डाऊनी, हाही पाहुणा आला. १८७८ साली तो फ्रान्समध्ये दिसला. एका दुखण्याचा इलाज करताना दुसरं घरात आलं!

पुढं १८८२ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-झ्युलियाँ गावाकडच्या बागांतून चालले होते. केवड्यानं वेलींची पानं गळून गेली होती. पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार! जवळ जाऊन बघतात तर पानांवर निळसर थर. चौकशी केली तेव्हा कळलं, येणारे-जाणारे घड तोडतात म्हणून मालकानं मोरचूद आणि चुना कालवून शिंपडलं होतं. विषारी दिसलं की कोण हात लावील?

मिलार्दे यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. प्रयोग केले, प्रमाण बसवलं आणि १८८५ साली ते जाहीर केलं.

आता यातलं मर्म ध्यानात घ्या. त्या ओळी वाचल्या, कारण औषध रोगाच्या आधी पानावर होतं. केवड्याचं बी ओल्या पानावर रुजतं. तिथं तांबं असलं तर ते मरतं. बुरशी एकदा पानात शिरली की वरचं तांबं तिला पोचत नाही. पानावर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव दिसल्यावर बोर्डो मारणं म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावणं. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा बसला पाहिजे. बुरशी तिथूनच आत शिरते. २००९ च्या नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसानं नाशिक-सांगलीच्या बागांना हा धडा महागात शिकवला.

आपल्याकडे पावसाळ्यात एप्रिल छाटणीच्या वाढीवर, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर खोड-ओलांड्यावर बोर्डो मारतात. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा. १ किलो कळीचा चुना वेगळा विझवून, गाळून ५० लिटर करा. दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतत ढवळा. भांडी प्लॅस्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. मग लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. असं पाणी पानं जाळतं. थर येईना तोवर चुन्याची निवळी थोडी थोडी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आणखी एक. तांबं जमिनीतून जात नाही, साचत राहतं. म्हणून युरोपात २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली गेली. तेव्हा बोर्डो मारायचं ते नेमक्या वेळेला, उगाच नव्हे. दाट फुटी विरळ करा, बागेत वारं खेळू द्या. आणि खुंट किंवा काडी आणाल ती खात्रीच्या, निरोगी बागेतलीच आणा.

मिलार्दे यांनी काय केलं? बांधाकडेची ओळ वेगळी दिसली, तिथं थांबून विचारलं. तुम्हीही रोज बागेत एक फेरी मारा आणि पान उलटून बघा.