कोलोरॅडोच्या दरींतील दोन विदुषी

अमेरिकेंतील कोलोरॅडो नदीच्या वैराण महादरीची पहिली शास्त्रीय पाहणी पॉवेल यानें १८६९ सालीं नावेंतून केली. स्त्रियांनीं मात्र त्या प्रवाहाच्या वाटेस जाऊं नये, असा लोकग्रह पुढेंहि दृढच होता. १९२८ सालीं बेसी हाइड तेथें पतीसह नाहींशी झाली, तेव्हां तर त्यास पुरावाच मिळाला! पतीहि गेला, त्यावरून पुरुषांविषयीं कोणी अनुमान काढलें नाहीं.

१९३८ च्या जूनमध्यें मिशिगन विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिका एल्झाडा क्लोव्हर व संशोधक विद्यार्थिनी लोइस जॉटर या नेव्हिल्सच्या तुकडीबरोबर तीन होड्यांतून निघाल्या. वृत्तपत्रांना हवें होतें साहस. यांना हवे होते निवडुंग. खळाळांतून सुटून तीरास लागावें, सर्वांचा स्वयंपाक करावा (हें काम त्यांच्याकडेच आलें), आणि मग वनस्पति कागदांत दाबाव्या, असा क्रम. ऑगस्टच्या आरंभीं त्या सुखरूप बाहेर पडल्या.

१९४४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा वनस्पतिविषयक प्रबंध वाचावयास रुक्ष खरा. परंतु १९६३ सालीं ग्लेन कॅन्यन धरणानें नदी अडविली, मोठे पूर थांबले, तीर पालटले. तत्पूर्वीं तेथें काय उगवत होतें, हें या प्रबंधावरूनच बरेंचसें कळतें. १९९४ सालीं ऐंशी वर्षांच्या जॉटरबाई शास्त्रज्ञांबरोबर तो पालटलेला तीर पाहण्यास पुन्हां दरींत उतरल्या.