जुन्या खेळाला जुने घर

कवीने संगणकाविषयी बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण जुने काही जपायचे म्हटले की कवीपुढे आणि संगणकापुढे एकच प्रश्न येतो. जपलेले वाचणार कोण?

१९८९ साली जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ तयार केला. आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने चित्रण केले, त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. पुढे हा खेळ डॉसवर आला. आपल्याकडच्या संगणक क्लासांत सरांची पाठ वळताच तो सुरू होई, हे मी पाहिले आहे.

आज तीच फाइल नव्या संगणकावर चालत नाही. फाइलचा एक अक्षरही झिजलेला नसतो. बदललेले असते ते भोवतालचे जग. डॉसवरचे प्रोग्रॅम पडद्याला आणि ध्वनीच्या कार्डाला थेट हुकूम देत. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने घरगुती संगणकांवर ही मोकळीक बंद केली. पुढे चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांच्या प्रोग्रॅमना दारच लावून घेतले. काही खेळांची लय तर प्रोसेसरच्या वेगावर बांधलेली होती. वेगवान यंत्रावर ते नुसते उधळत.

यावर उपाय निघाला तो २००२ मध्ये. डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणकच उभा करतो. त्यात जुना प्रोसेसर, जुने ध्वनीचे कार्ड आणि हवा तितका संथ वेग, सगळे मिळते. खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. ज्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी प्लस प्लसवर आपली मुले प्रोग्रॅमिंग शिकली, तेही विंडोज सातनंतर अनेकांनी याच आधाराने चालवले. २०१५ मध्ये इंटरनेट अर्काइव्हने दोन हजारांहून अधिक डॉस खेळ याच युक्तीने सर्वांसाठी खुले केले.

मेकनरचा मूळ प्रोग्रॅम मात्र हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जुन्या यंत्रांचे जाणकार बोलावून त्या वाचून घ्याव्या लागल्या.

हे मी का सांगतो? युनिकोड रुळण्याआधी आपले मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकले जात, त्यांतले बरेचसे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. तो फाँट नसला की ओवीचेही इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते. माझ्या दोन संग्रहांचे कंपोझिंग अशाच फ्लॉप्यांवर आहे. नव्वदच्या दशकातली कितीतरी नियतकालिके आणि दिवाळी अंक याच अवस्थेत असतील.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल आजही शाबूत आहेत. अडते ते मोडी वाचणाऱ्यापाशी. मोडीचा जाणकार निदान माणूस शिकवून तयार करता येतो. फ्लॉपीचे चुंबकत्व तेवढी वाट पाहत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे अशा फाइली असतील, त्यांनी मजकुराबरोबर त्याचा फाँट आणि टंकनाचा प्रोग्रॅमही जपावा, डॉसबॉक्ससारख्या साधनात तो उघडून पाहावा आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. परक्या राजपुत्रासाठी लोकांनी एवढे केले. आपल्या मराठीसाठी आपण एवढे करायला हवे.