गळका डबा आणि छापील सही : रेल्वेच्या 'रिस्क नोटे'चा इतिहास

१/ १९०० साली चाळीसगाव–धुळे लोहमार्ग सुरू झाला आणि धुळ्याचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गाशी थेट जोडला गेला. या इतिहासात एका छापील कागदाचा उल्लेख क्वचितच येतो. तो कागद म्हणजे 'रिस्क नोट'.

२/ आधी कायद्याची चौकट पाहू. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ सांगते : दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेवर हीच जबाबदारी टाकली.

३/ मात्र त्याच कायद्याच्या कलम ७२ ने एक पळवाटही ठेवली. माल पाठवणाऱ्याची लेखी सही आणि सरकारमान्य नमुना, एवढे असले की रेल्वेला आपली जबाबदारी कमी करून घेता येई.

४/ यांतला 'बी' नमुना विशेष गाजला. भाडे सवलतीचे, पण जोखीम मालकाची. संपूर्ण गाठ किंवा संपूर्ण माल गहाळ झाला आणि त्यामागे रेल्वेची जाणूनबुजून केलेली हयगय किंवा नोकरांची चोरी असली, तरच भरपाई मिळे.

५/ याचा अर्थ काय? समजा, चाळीसगावहून निघालेल्या गाठी गळक्या डब्यात भिजल्या. डबा रेल्वेचा, दोषही डब्याचा. परंतु गाठ 'गहाळ' झालेली नाही, केवळ खराब झाली आहे. म्हणून नुकसान व्यापाऱ्याचे!

६/ गाठ गहाळ झाली तरी हयगय सिद्ध करायची मालकानेच. वाटेत काय घडले याची माहिती मात्र रेल्वेच्याच दप्तरात.

७/ रिस्क नोट बाजूला ठेवली तरी भरपाईला मर्यादा होतीच. १८९८ च्या मद्रास रेल्वे विरुद्ध गोविंदराव खटल्यात एका शिंप्याचे शिवणयंत्र व कापड उत्सव संपल्यावर पोहोचले. उत्सवातील कमाईवर त्याची भिस्त आहे, हे रेल्वेला ठाऊक नव्हते. कलम ७३ नुसार त्या बुडालेल्या नफ्याची भरपाई नाकारली गेली.

८/ १९२४ च्या सुधारित नमुन्यांनी काही बाबतींत मालाचे काय झाले हे उघड करणे रेल्वेला भाग पाडले. पुढे १९४९ च्या दुरुस्तीने रिस्क नोटांची पद्धतच मोडीत काढली व १९६१ च्या दुरुस्तीने रेल्वेची जबाबदारी वाढवली.

९/ पण हे तत्त्व संपलेले नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ६२ आजही करारान्वये गर्भित हमी वगळू देते. सदोष यंत्राचा वाद त्यामुळे अनेकदा बिलामागच्या बारीक अक्षरांपाशी येऊन थांबतो. १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कागदावरील १०० डॉलरची मर्यादा ग्राह्य धरली.

१०/ लोहमार्गाने बाजारपेठ जवळ आणली, हे खरेच. परंतु त्या प्रवासातील जोखीम कोणी सोसायची, हे रुळांनी नव्हे, कागदाने ठरवले. व्यापाराचा इतिहास वाचताना म्हणूनच नकाशाइतकाच पावतीचा मागचा भागही वाचावा.