नव्या खाऱ्या टाकीत प्रवाळ का कोमेजतात?

वाशीम - विदर्भातील वाचकाला पोवळे ठाऊक असते ते मंगळाच्या अंगठीतील तांबड्या खड्यामुळे. मात्र प्रवाळ हा खडा नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो जिवंत प्राणी आहे. घरात गोड्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यांना पुढे खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीचे आकर्षण वाटू लागते. टाकी भरते, दिवे लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत प्रवाळ मिटून बसतो, तपकिरी पडतो किंवा पांढराफटक होतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात ही अडचण अधिकच जाणवते, कारण येथील पाणी, उन्हाळा आणि वीज या तिन्ही गोष्टी प्रवाळाच्या स्वभावाशी जुळणाऱ्या नाहीत.

प्रवाळाचा रंग आणि बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून येते. पाणी तापले वा प्रकाश अचानक वाढला, की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. 2024 मध्ये जगभरातील प्रवाळांवर विरंजनाचे चौथे मोठे संकट आल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी लक्षद्वीपमध्येही त्याची झळ दिसली. समुद्रात जे महिनोन्‌महिने चालते, ते 50 लिटरच्या टाकीत एका दुपारी घडू शकते. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. मांसल आवरण शाबूत असेल तर तो सावरू शकतो. आवरणच गळून सांगाडा उघडा पडत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

नव्या टाकीत पहिला संशय घ्यावा तो टाकीच्या वयाचा. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज प्रवाळ सोडणे म्हणजे त्याला विषात सोडण्यासारखेच. दुकानदार काहीही सांगो, हा काळ टाळता येत नाही. तपासणी संच घेऊन स्वतः मोजणे हाच उपाय. पाणी नितळ दिसते, यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कूपनलिकेचे पाणी जड असते, शेतीपट्ट्यात त्यात नायट्रेटही असू शकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्यात समुद्री मीठ मिसळले तर मोजमाप सुरुवातीपासूनच चुकते. पाणी आरओ यंत्रातून आणि शक्य असल्यास पुढे डीआय गाळणीतून काढावे. घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करावी आणि टीडीएस मापकावर आकडा शून्याच्या जवळ आहे याची खात्री करावी. स्वयंपाकाचे मीठ मुळीच चालत नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी क्षार योग्य प्रमाणात नसतात. खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे, हे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. तेथील पाणी खारे असले, तरी अतिशय अल्कधर्मी आहे. प्रवाळाला पीएच 8.1 ते 8.4 च्या दरम्यान लागतो.

उन्हाळा ही येथील खरी कसोटी. पारा 40 अंशांपलीकडे जातो, तर टाकीचे पाणी 24 ते 27 अंशांत हवे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर कूलरच्याच तत्त्वाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, पावसाळ्यात तितका नाही. खोलीच तापलेली असेल तर मात्र चिलरला पर्याय नाही. आणि पंख्याची एक खोड आहे: पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. 50 लिटरच्या टाकीतील पाच लिटर पाणी आटले, की क्षारता 35 वरून जवळपास 39 भाग प्रति हजारवर जाते. प्रवाळ मिटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण असते. म्हणून काचेवर खूण करून रोज घट भरून काढावी, तीही शुद्ध गोड्या पाण्याने. खाऱ्या पाण्याने भरल्यास क्षारता वाढतच जाते. वीज गेली की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलेला बरा.

हे सारे जागेवर असूनही प्रवाळ खुलत नसेल, तर प्रकाशाकडे पाहावे. दिवा नवा असेल तर तीव्रता कमी करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावी. पांढरटपणा बहुधा अतिप्रकाशाचा, तपकिरीपणा अपुऱ्या प्रकाशाचा किंवा पाण्यात पोषकद्रव्ये वाढल्याचा संकेत असतो. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि क्षारीयता 8 ते 11 डीकेएच लागते. एका वेळी एकच बदल करावा. नाना औषधे ओतण्याचा मोह आवरावा. विशेषतः माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषध प्रवाळाला मारक ठरते. शंका आल्यास तापमान व क्षारता जुळवून दहा ते वीस टक्के पाणी बदलणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

कायद्याचा भाग मात्र टाकी घेण्यापूर्वीच समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आदींचा समावेश आहे. वाघाला आहे तसेच संरक्षण त्यांना आहे. गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, ते असे जीव समुद्रातच राहावेत म्हणून. सहलीला गेलेल्यांनी तेथून प्रवाळाचा तुकडा किंवा प्रवाळ चिकटलेला दगड आणणे गुन्हा ठरतो. बटन पॉलिप, मशरूम यांसारखे मऊ प्रकार वरील गटांत मोडत नाहीत. तरीही ते कोठून आले, हे विक्रेत्यास विचारावे आणि पावती जपून ठेवावी. कागद नसतील तर खरेदी करू नये.

हेच बटन पॉलिप आणखी एका कारणाने जपून हाताळावेत. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. असे दगड गरम पाण्यात उकळणे किंवा कोरडे घासणे धोक्याचे; वाफेतून विष शरीरात गेल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा वापरावा, लहान मुलांना दूर ठेवावे. नंतर खोकला, ताप किंवा श्वासाचा त्रास झाल्यास तातडीने रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना टाकीतील प्रवाळाची माहिती आवर्जून द्यावी.