फुकटच्या गाण्याचे पैसे कोण देतं?

कामण रोड स्टेशनवर वसई-दिवा गाडीची वाट बघताना कुणाच्या तरी मोबाइलवर हळदीचं गाणं लागलेलं असतं. मध्येच जाहिरात येते, पाच सेकंदांनी ‘स्किप’ होते, गाणं पुढे चालू. ऐकणाऱ्याने दमडीही दिलेली नाही. मग गाणाऱ्याला काय मिळालं? हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे.

1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभरात 56 गीतं. तेही वरवर फुकटच. पण रेडिओ बाळगायला तेव्हा लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. आकाशवाणी कलाकाराला मानधन द्यायची. किती जणांनी ऐकलं, याच्याशी त्या रकमेचा संबंध नव्हता. 1967 मध्ये विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूरपासून जाहिराती सुरू झाल्या आणि लायसन्सच्या जोडीला साबणवाले, टूथपेस्टवालेही गाण्याचा खर्च उचलू लागले.

पैसे आले, पण कुणाच्या नावावर? 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाकडेही कायद्याने बघायला हवं, असं सुचवलं होतं. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला समान वाटा मिळावा आणि तो करारात लिहून घेता येऊ नये, ही तरतूद आली थेट 2012 च्या दुरुस्तीत. मध्ये 35 वर्षं गेली.

तोवर गाणी इंटरनेटवर आली होती. तिथला हिशेब असा: जाहिरातींचे पैसे एका हौदात जमा होतात. कंपनी आपला वाटा काढते आणि उरलेले पैसे एकूण प्लेच्या प्रमाणात हक्कदारांना वाटते. समजा, वाटायला 1 लाख रुपये आहेत आणि महिन्यात 1 कोटी प्ले झाले. एका प्लेला एक पैसा. तुम्ही महिनाभर फक्त आगरी-कोळी गाणी ऐकलीत, तरी तुमच्यामुळे आलेले पैसे त्याच हौदात जातात आणि बराचसा भाग सुपरहिट गाण्यांकडे वाहतो. साउंडक्लाउडने 2021 मध्ये ज्याचे पैसे त्याच्याच आवडत्या कलाकाराला देण्याची पद्धत आणली. कोडच्या दृष्टीने ते अवघड नाही. एक ‘ग्रुप बाय’ बदलायचा. अवघड आहे मोठ्या कंपन्यांना राजी करणं. यूट्यूबचं गणित वेगळं: व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के चॅनेलवाल्याला.

फुकट ऐकवणंही स्वस्त नाही. ‘गाना’ने 2022 मध्ये फुकट सेवा बंद केली. ‘विंक’ 2024 मध्ये गुंडाळलं गेलं.

आता पुन्हा त्या हळदीच्या गाण्याकडे या. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, शब्द गावातल्या बायकांच्या तोंडचे. कायद्याला हवा असतो नाव असलेला गीतकार, नाव असलेला संगीतकार. इथे तसं कुणीच नाही. म्हणून जो रेकॉर्ड करून आपल्या चॅनेलवर टाकतो, 55 टक्के त्याच्या खात्यात. स्टुडिओत गायलेल्या बाईला कायद्याने गायिकेचा हक्क आहे, पण रोख बिदागी घेऊन ती घरी जाते तेव्हा हातात करार नसतो. तिचं नाव निदान व्हिडिओखाली लिहिलंय का, एवढं तरी पुढच्या वेळी स्क्रोल करून बघा.