शेवटच्या घरातले चित्र : तंजावरच्या केबलपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाटाच्या शेवटाला असलेल्या भागाला तमिळमध्ये ‘कडैमडै’ म्हणतात. कल्लणै बंधाऱ्यापासून निघालेले पाणी तिथे सर्वांत उशिरा पोहोचते. केबलमधल्या चित्राचेही तसेच आहे. फरक एवढाच, की केबलमधला तोटा आपल्याला आधीच मोजता येतो.

२००६ मध्ये तमिळनाडू सरकारने मोफत रंगीत टीव्ही वाटायला सुरुवात केली. २००७ मध्ये सरकारी अरसु केबल टीव्ही कंपनी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या हेडएंडपैकी एक तंजावरला होते. २०११ मध्ये कंपनीचे काम नव्याने सुरू झाले, तेव्हा मासिक वर्गणी ७० रुपये होती. वर्गणी सर्वांना सारखी, पण चित्रही सारखे मिळेल का?

आकडे पाहा. घरोघरी वापरली जाणारी आरजी-६ कोअॅक्सियल केबल १०० मीटरमध्ये ५५ मेगाहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल, तर ७५० मेगाहर्ट्झला सुमारे १८ डेसिबल गमावते. म्हणजे पहिल्या संदेशाची साधारण एक तृतीयांश शक्ती उरते, तर दुसऱ्याची साठावा भागच. कारण वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहतो आणि रोध वाढतो. आरजी-५९ची मधली तार बारीक, म्हणून तिचा तोटा याहून अधिक. वाटेत अँप्लिफायर बसवता येतो. पण संदेश गोंगाटात बुडाल्यावर बसवला, तर गोंगाटही तितकाच वाढतो. शेवटच्या घरातल्या टीव्हीवर ‘मुंग्या’ दिसत, त्या याच.

संगणकाचा पडदा याच नियमाने चालतो. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेला व्हीजीए संदेश अॅनालॉग आहे. १०२४ × ७६८ चित्राला ६० हर्ट्झवर दर सेकंदाला ६.५ कोटी बिंदू पाठवावे लागतात. लांब केबलमध्ये उच्च वारंवारता आधी क्षीण होते, म्हणून प्रथम अक्षरांच्या कडा पुसट होतात. ७५ ओहमचा प्रतिबाध कुठे जुळला नाही, तर संदेश परावर्तित होऊन अक्षरामागे सावली दिसते.

२००२ मध्ये एचडीएमआय आले. १९२० × १०८० चित्रासाठी त्याच्या तीनपैकी प्रत्येक जोडीतून सेकंदाला १४८.५ कोटी बिट धावतात. इथे चित्र हळूहळू बिघडत नाही. काही मीटरपर्यंत ते निर्दोष असते, नंतर ठिपके चमकतात आणि मग पडदा काळा होतो. अरसु केबललाही २०१७ मध्ये डिजिटल परवाना मिळाला. डिजिटल प्रक्षेपणात मुंग्या जातात, तोटा मात्र तारेत राहतोच. मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन फुटतात.

म्हणून वर्गात प्रोजेक्टर बसवताना पहिल्या बाकाजवळ चित्र पाहून समाधान मानू नका. सर्वांत लांब तार आणि सर्वांत मोठी वारंवारता घेऊन गणित करा. जाळ्याची परीक्षा शेवटच्या घरात होते.

स्वाध्याय : ७५० मेगाहर्ट्झला ६० मीटर आरजी-६मध्ये किती डेसिबल तोटा होईल? शक्तीचा कितवा भाग उरेल?